घनता 'दिलेली' नसते

वस्तुमानाला घनतेने भागलं की आकारमान मिळतं, हे सूत्र आपल्याला शाळेपासून पाठ आहे. (आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मास, डेन्सिटी आणि व्हॉल्यूम, घनता वगैरे शब्द मला कॉलेजात आल्यावर भेटले.) पेपरात घनता नेहमी दिलेली असते, आपण फक्त कॅल्क्युलेटर बडवायचा. माझं स्पष्ट मत आहे की या 'दिलेली आहे'मुळेच आपली सवय बिघडली आहे.

सिमेंटचंच बघा. घनता किती? कोणी सांगेल ३१५० किलो प्रति घनमीटर, कोणी म्हणेल १४४०. दोघंही बरोबर! ३१५० ही नुसत्या कणांची घनता; तिने भागलं तर ५० किलोची गोणी जेमतेम १६ लिटरची होते. १४४० म्हणजे कणांमधल्या हवेसकट सैल सिमेंटची. तिने ३५ लिटर येतात. साइटवरचा ४० × ३५ × २५ सेंटिमीटरचा फर्मा याच हिशोबाने केलेला असतो. म्हणजे खरा प्रश्न कुठली घनता कुठे वापरायची हा आहे, आणि तोच पेपरात येत नाही.

वाळू तर याहून लबाड. कोरडी, सैल वाळू घनमीटरला साधारण १६०० किलो धरतात. पण ती थोडी ओली झाली, की पाण्याचा पातळ थर कणांना एकमेकांपासून दूर ढकलतो आणि वाळू फुगते. पाच टक्के ओलाव्याला २५ टक्क्यांपर्यंत फुगणं ही नेहमीची गोष्ट. बारीक वाळू त्याहूनही जास्त. गंमत म्हणजे पूर्ण पाण्यात बुडवली की पुन्हा मूळ जागेवर येते.

आता एम-२० चं प्रमाण घ्या, १ : १.५ : ३. एका गोणीला दीड फर्मा वाळू, म्हणजे ५२.५ लिटर. ती २५ टक्के फुगलेली असेल तर आत खरी वाळू ४२ लिटरच! ठेकेदार प्रामाणिक, फर्मा काठोकाठ, तरी वाळूचा पाचवा हिस्सा गायब. असा माल रखरखीत होतो, नीट सरकत नाही. मग मिस्त्री काय करणार? पाणी ओततो. त्या वाळूतूनच तीनेक लिटर पाणी आधी आलेलं असतं, ते कोणीच मोजत नाही. आयएस ४५६ (२०००) मध्ये या मिक्सला गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितलंय. त्यावर गेलं की ताकद घटते, आणि जिथे माल नीट बसत नाही तिथे पोकळ्या राहून लोखंड गंजायला वाट मिळते. वर राहणाऱ्या कुटुंबाला यातलं काहीच दिसत नाही.

गेल्या सुट्टीत मी एका साइटवर गेलो होतो. तिथे फर्मा कोपऱ्यात उपडा पडलेला, आणि पावसात भिजलेली वाळू घमेल्याने, तीही शिगोशीग! बिगाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. शेजारी डिग्रीवाला साहेब उभा होताच. त्याच आयएसमध्ये वजनाने मोजा असं म्हटलंय. आकारमानाने मोजायचंच असेल तर प्रत्यक्ष मालाची घनता आधी काढा आणि फुगवटा धरा. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर लाह्या यांचं वजन एक नसतं, हे माझ्या आजीला कोणी शिकवलं नव्हतं.

बाय द वे, ओली वाळू ब्रासने घेतली तर आपण हवेचे पैसे देतो आणि काट्यावर घेतली तर पाण्याचे!

म्हणून सर लोकांना विनंती, निदान प्रॅक्टिकल परीक्षेत तरी घनता देऊ नका, ओल्या वाळूचं घमेलं द्या. खर्च शून्य आहे. काचेच्या सरळ भांड्यात २० सेंटिमीटर उंच ओली वाळू सैल भरायची, पाण्यात बुडवून ढवळायची, बसू द्यायची. १६ वर आली तर फुगवटा २५ टक्के. त्या दिवशी दीडऐवजी १.८७५ फर्मे वाळू घ्यायची, आणि पाणी तेवढं कमी. सकाळी एकदा, दुपारी पाऊस पडून गेल्यावर पुन्हा एकदा.