रिटर्नची फी कुणी द्यावी, कशासाठी द्यावी

जुलै लागला की टेंभुर्णी, करमाळा, कुर्डुवाडीतल्या झेरॉक्सच्या दुकानांवर आणि ई-सेवा केंद्रांवर ‘येथे आयटीआर भरून मिळेल’ अशा पाट्या लागतात आणि उजनीकाठच्या गावांत दरवर्षीचा वाद पुन्हा उभा राहतो : या कामाला पैसे मोजावेत की नाही? वाद घालणाऱ्यांचे तीन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, “शेतकऱ्याला कसला टॅक्स? मग सल्लागार हवा कशाला?” दुसरा पक्ष बहुधा पुण्याहून शिकून आलेल्या पोरांचा. तो म्हणतो, “पोर्टल फुकट आहे, मोबाईलवर अर्ध्या तासात होतं. फी म्हणजे लूट.” तिसरा म्हणतो, “कागद एकदा सीएच्या टेबलावर टाकले की आपण मोकळे.”

तिघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे आणि तिघांचीही चूक एकच आहे. रिटर्न म्हणजे फॉर्म भरणे, असे तिघांनीही धरून ठेवले आहे. माझ्या मते फॉर्म भरणे हे यातले सगळ्यात हलके काम. कोणता रुपया शेतीचा, कोणता धंद्याचा आणि तो घरातल्या कुणाच्या नावचा, हे ठरवणे हे खरे काम. हा निवाडा ज्याच्या घरात करावा लागतो त्याने फी द्यावी. ज्याला करावाच लागत नाही त्याने देऊ नये.

आधी पहिला पक्ष. शेतीला प्राप्तिकर नाही, हे खरेच आहे. १८६०च्या पहिल्या प्राप्तिकरात शेतीचे उत्पन्नही धरलेले होते. १८८६च्या कायद्याने ते वगळले आणि १९६१च्या कायद्याच्या कलम १०(१)ने ती सूट कायम ठेवली. मात्र ही सूट जमिनीतून निघालेल्या उत्पन्नाला आहे, शेतकरी नावाच्या माणसाला नाही. या भागात गफलत होते ती नेमकी इथेच.

१९८०मध्ये उजनी धरण पुरे झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी भीमेच्या पात्रात थांबले, कितीतरी गावे त्याखाली गेली आणि काठावर उरलेल्या जिरायत रानांचे बागायत झाले. कंदर, वांगी, केत्तूर, चिखलठाण या पट्ट्यात आधी ऊस आला, मग केळी आली. कंदरची केळी परदेशी जाऊ लागली. पिकांच्या मागोमाग धंदेही आले. कुणी धरणात मासे धरतो, कुणी ते भिगवणच्या बाजारात आडतीने विकतो. कुणी ट्रक घेऊन कारखान्याचा ऊस ओढतो, कुणी दुसऱ्यांच्या बागा घेऊन केळी भरतो. कुणाचा गोठा आहे, तर कुणाचे कृषी सेवा केंद्र. यातल्या प्रत्येकाच्या सातबाऱ्यावर जमीन आहे आणि प्रत्येक जण स्वतःला शेतकरीच म्हणवतो. कायदा मात्र मासेमारी, दूधधंदा, कोंबडीपालन, आडत, वाहतूक आणि दुसऱ्याच्या मालाचा व्यापार यांना शेती मानत नाही. स्वतःच्या रानातली केळी विकली तर शेती. शेजाऱ्याची उभी बाग विकत घेऊन तीच केळी पुढे पाठवली तर व्यापार. घड एकाच जातीचा, गाडी एकच, कराच्या दृष्टीने रुपये मात्र दोन प्रकारचे.

आणि या दोन प्रकारांची गाठ पडते तेव्हा करमुक्त शेतीही कराच्या हिशेबात येते. १९७३च्या वित्त कायद्याने आणलेला हा नियम आजही गावाला फारसा ठाऊक नाही. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर आणि बाकीचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्न त्यात मिळवले जाते.

उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याला २०२५-२६मध्ये ऊस-केळीतून खर्च वजा जाता दहा लाख राहिले आणि त्याच्याच नावच्या खताच्या दुकानातून नऊ लाख. ‘बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही’ ही घोषणा त्याने टीव्हीवर ऐकलेली आहे. नुसते दुकानच असते तर नव्या करप्रणालीत ३०,००० रुपये कर निघाला असता आणि रिबेटमुळे तो शून्य झाला असता. आता हिशेब वेगळा होतो. एकोणीस लाखांवरचा कर १,८०,०००. त्यातून शेतीचे दहा लाख आणि मूळ करमुक्त मर्यादेचे चार लाख, अशा चौदा लाखांवरचा कर ९०,००० वजा करायचा. उरले ९०,०००. रिबेट मिळतो जास्तीत जास्त ६०,०००. म्हणजे ३०,००० भरायचे, वर चार टक्के उपकर धरून ३१,२००. ‘शेतकऱ्याला टॅक्स नाही’ आणि ‘बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही’ ही दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि त्यांच्या भरवशावर बसलेला हा माणूस ३१,२०० रुपयांचा देणेकरी आहे.

याची झळ रिटर्नपुरती राहत नाही. आदल्या वर्षी प्राप्तिकर भरलेल्याला पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये मिळत नाहीत. लाडकी बहीण योजनेतही घरात करदाता असला की अर्ज बाद होतो. आपण करदाते आहोत की नाही, हे उजनीकाठच्या कुटुंबाला नक्की ठाऊक असायला हवे, ते यासाठीही.

आता दुसरा पक्ष, पोर्टलवाल्यांचा. त्यांचे अर्धे म्हणणे मी बिनशर्त मान्य करतो. निवृत्त शिक्षकाची पेन्शन आहे, बँकेत ठेव आहे, बाकी काही नाही. त्याच्या रिटर्नमध्ये बहुतेक आकडे पोर्टलवर आधीच भरलेले येतात. फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण उघडून बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहायचे आणि पाठवायचे. यासाठी हजार रुपये देणे म्हणजे स्वतःच्याच पेन्शनला कात्री लावणे. पगार आणि फॉर्म १६ एवढ्यावर भागणाऱ्या नोकरदाराचेही तेच.

पण याच शिक्षकाच्या नावावर धरणाच्या पाण्यावर दोन एकर ऊस असला की चित्र पालटते. आयटीआर-१ हा सोपा फॉर्म शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत असणाऱ्यालाच चालतो. धंद्याचा अंदाजित नफा दाखवण्याच्या आयटीआर-४लाही हीच अट आहे. दोन एकर उसाला ५,००० ही मर्यादा म्हणजे थट्टाच. तेव्हा शिक्षकाला आयटीआर-२ आणि दुकानदार शेतकऱ्याला आयटीआर-३ भरावा लागतो. शेतीचे निव्वळ उत्पन्न पाच लाखांवर गेले तर जमीन कोणत्या जिल्ह्यात, किती एकर, स्वतःची की खंडाची, बागायत की जिरायत, हेही फॉर्म विचारतो. मोबाईलवर अर्ध्या तासात रिटर्न होते खरे. पण चुकीचा फॉर्मही अर्ध्या तासातच होतो, आणि सोपा म्हणून निवडलेला आयटीआर-४ तर लवकरच उरकतो.

उसाच्या वाहतुकीचे घ्या. दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्याला वह्या न ठेवता अंदाजित नफा दाखवण्याची सोय १९६१च्या कायद्याच्या कलम ४४एईने दिली. बारा टनांवरच्या ट्रकला एकूण वजनाच्या दर टनामागे महिन्याला १,००० रुपये नफा धरतात. २५ टनांच्या ट्रकला महिना २५,०००, वर्षाला तीन लाख. गाडी किती महिने चालली हे कायदा विचारत नाही, किती महिने मालकीची होती एवढेच विचारतो. गाळप चालते चार-पाच महिने, ट्रक उरलेला काळ दारात उभा, तरी नफा बारा महिन्यांचा. त्यातच उन्हाळ्यात ऊसतोड टोळीसाठी मुकादमाला आगाऊ दिलेली उचल बुडाली आणि टोळी आलीच नाही, तर तो तोटा या सोयीत वेगळा मागता येत नाही. मागायचा तर वह्या ठेवाव्या लागतात, करारपत्र लागते, पैसे बँकेतून गेल्याची नोंद लागते आणि वसुलीसाठी काय केले त्याचा कागद लागतो. सोय घ्यावी की वह्या ठेवाव्यात, हा निर्णय पोर्टल करत नाही. तो हंगामाच्या आधी करायचा असतो, जुलैत नव्हे.

आडत्याची अडचण आणखी वेगळी. सहा-आठ टक्के नफा दाखवण्याची त्याच कायद्याच्या कलम ४४एडीची सोय आडत-दलालीच्या उत्पन्नाला मिळतच नाही, तरी मासळीचा आडत्या सर्रास तीच घेतो. आणि रिटर्नच नको म्हणणाऱ्याला १९६१च्या कायद्यात बँक गाठत असे : लागोपाठ तीन वर्षे रिटर्न न भरलेल्याने वर्षात वीस लाखांवर रोकड काढली, तर वरच्या रकमेवर दोन टक्के कर कापला जाई. टोळ्यांना रोख उचल देणाऱ्याला वीस लाख हा आकडा काही लांबचा नव्हता.

तिसरा पक्ष सगळ्यात धोकादायक, कारण तो पैसे देतो आणि तरी अडकतो. ‘सीएकडे दिलं’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी कागद सीएकडे दिलेलेच नसतात. ते असतात रिफंड काढून देणाऱ्या एजंटाकडे. तो फोनवर विचारतो, “ओटीपी आला का? सांगा.” सांगितलेला तो ओटीपी म्हणजे तुमची सही. त्या सहीखाली काय लिहिले आहे ते तुम्ही वाचले नसले तरी दंडाची नोटीस तुमच्याच नावाने निघते. १४ जुलै २०२५ रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली, ती अशाच एजंटांनी रिफंडसाठी दाखवलेल्या खोट्या वजावटींसाठी. एजंट रिफंडवर कमिशन घेत आणि शेकड्याने रिटर्न भरायला तात्पुरते ईमेल उघडून नंतर सोडून देत; नोटिसा त्या बेवारशी ईमेलवर पडून राहत. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी रिटर्न सुधारून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले होते. चुकीची माहिती देऊन कर बुडवला तर दंड बुडवलेल्या कराच्या दुप्पट असतो. एजंटाचे कमिशन मात्र परत मिळत नाही.

कर्जासाठी ‘तीन वर्षांचे रिटर्न तयार करून’ देणाऱ्यांचीही हीच गत. नसलेला धंदा दाखवून ट्रॅक्टरचे कर्ज मिळते, पण पुढे त्या धंद्याचा हिशेब मागितला की दाखवायला काही नसते.

खंडन इथे संपले. आता मी काय म्हणतो ते.

फी देण्याची कसोटी उत्पन्नाच्या आकड्यावर लावू नये. ती उत्पन्नाच्या वाटांवर लावावी. चाळीस लाखांचा ऊस पिकवणारा आणि दुसरे काहीच न करणारा शेतकरी करापुरता साधा माणूस आहे. चार एकर ऊस, एक ट्रक आणि मासळीत भागी असणारा आठ लाखांचा माणूस गुंतागुंतीचा आहे. पैसे द्यावेत ते दुसऱ्याने. पहिल्याने ठेवीच्या व्याजावर कर कापू नये असे घोषणापत्र बँकेला देता येते का एवढे पाहावे.

दुसरी कसोटी बदलाची. ज्या वर्षी नवा धंदा सुरू झाला, जमीन विकली, वाटण्या झाल्या किंवा भूसंपादनाचे पैसे आले, त्या वर्षी सल्ल्याचे पैसे मोजावेत. भूसंपादनाचे तर विशेषच. खेड्यातल्या शेतजमिनीच्या मोबदल्यावर प्राप्तिकर नाही. पण वर्षानुवर्षे रखडलेल्या वाढीव मोबदल्याबरोबर जे व्याज येते, त्याचा निम्मा भाग वजा होऊन उरलेला करपात्र धरला जातो. शहराजवळच्या जमिनीला पुन्हा नगरपालिकेपासूनच्या अंतराचा नियम आहे. सातबाऱ्यावर बापाचे आणि भावांचे नाव, उसाचे बिल मात्र थोरल्याच्या खात्यावर, असे असेल तर उत्पन्न कुणाचे हेही त्याच वर्षी कागदावर ठरवून घ्यावे. पुढच्या वर्षी काही बदलले नाही, तर तोच हिशेब समोर ठेवून रिटर्न स्वतः भरावे. पहिल्या वर्षीची फी मग शिकवणीची फी ठरते.

हा वर्गवारीचा प्रश्न लहान माणसापुरताच आहे, असेही नाही. सहकारी साखर कारखान्यांनी किमान भावापेक्षा जास्त दिलेला ऊसदर हा खर्च की नफ्याची वाटणी, यावर प्राप्तिकर खात्याशी अनेक वर्षे वाद चालला. १ फेब्रुवारी २०२३च्या अर्थसंकल्पात आकारणी वर्ष २०१६-१७पूर्वीचा तो दर खर्च म्हणून मान्य झाला, तेव्हा सुमारे १०,००० कोटींचा दिलासा मिळेल असे अर्थमंत्र्यांनी सांगितले. एका वर्गवारीवर एवढी रक्कम लटकली होती. कारखान्यांकडे ती लढवायला तज्ज्ञ होते. त्यांना ऊस घालणाऱ्या सभासदाला तज्ज्ञाचा निदान एक तास तरी मिळावा. कारखान्यांनी, विकास सोसायट्यांनी जूनमध्ये गटवार शिबिर घेऊन सल्लागार बसवला, तर हा खर्च माणशी फार येणार नाही.

पैसे कुणाला द्यावेत? साध्या रिटर्नला सीएच हवा असे नाही. अनुभवी करसल्लागार पुरतो. पण फी ठरलेली असावी, रिफंडच्या टक्क्यात नको. १९४९च्या सनदी लेखापाल कायद्यान्वये सीएला अशी टक्केवारीची फी घेणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. जो टक्केवारी मागतो तो काय विकतो आहे हे त्यावरूनच कळावे. पोर्टलवर मोबाईल आणि ईमेल आपलाच असावा. रिटर्न पाठवण्याआधी उत्पन्नाचा आणि कराचा तक्ता हातात घ्यावा, शेतीखाली कोणती रक्कम टाकली आणि का टाकली हे विचारावे, आणि उत्तर समजले तरच ओटीपी द्यावा. ‘तुम्हाला कळायचं नाही’ असे उत्तर आले तर कागद उचलावेत.

१ एप्रिल २०२६पासून १९६१च्या कायद्याची जागा २०२५च्या नव्या कायद्याने घेतली आहे. कलमांचे आकडे बदलले, भाषा सोपी झाली म्हणतात. तरी केळी स्वतःच्या रानातली की विकत घेतलेली, याचे उत्तर कोणताही कायदा आपल्या वतीने देणार नाही. ते उत्तर मालकाला माहीत असते आणि त्याचा करातला अर्थ जाणकाराला. फी द्यायची ती या दोघांनी समोरासमोर बसण्याची. ज्या फीत हे बसणे नाही, ती पाचशे रुपये असली तरी महाग आहे.