पोटाची गाडी भंगारात, छंदाची गाडी वारशात

जुनी वाहने जतन करणे, ती स्वतः चालविणे आणि त्यांची निगा राखणे हा छंद आपल्या देशात आता सरकारमान्य झाला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारी व दुचाकी यांच्यासाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. अशा वाहनाच्या नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. प्रदर्शन, विंटेज फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे वा दुरुस्ती एवढ्यापुरतेच ते रस्त्यावर आणता येते. देशातील जुन्या वाहनांचा वारसा जपला जावा, हा त्यामागचा घोषित हेतू. हेतूबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वाहने भंगारात काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले, आणि ऑक्टोबरमध्ये पंधरा वर्षांवरील वाहनांचे शुल्क अनेक पटींनी वाढविणारे नियम निघाले. एकाच मंत्रालयाने एकाच वर्षी एका जुन्या वाहनाला वारसा ठरविले आणि दुसऱ्याला उपद्रव! या दोहोंत फरक कोणता? वयाचा म्हणावा, तर वारसा ठरलेले वाहन अधिक जुने आहे. धुराचा म्हणावा, तर पन्नास वर्षांपूर्वी आपल्याकडे वाहनांच्या धुरासाठी मानकेच अस्तित्वात नव्हती. मग फरक एकच उरतो. एक गाडी छंदासाठी आहे आणि दुसरी पोटासाठी.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अशा वेळी भावनेत न गुंतता हिशेब मांडावा. विंटेज वाहनाच्या नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठरले आणि ती नोंदणी १० वर्षे टिकते. म्हणजे वर्षाकाठी २,००० रुपये. पुढील नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये. आता पंधरा वर्षे ओलांडलेल्या मालट्रकचे पाहा. आठ वर्षांनंतर ट्रकचे योग्यता प्रमाणपत्र, ज्याला आपले ट्रकवाले ‘पासिंग’ म्हणतात, ते दरवर्षी घ्यावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील जड वाहनासाठी या प्रमाणपत्राचे शुल्क १२,५०० रुपये झाले. तपासणीचे शुल्क वेगळे. नोव्हेंबर २०२५ मध्ये वीस वर्षांवरील जड वाहनासाठी ते २५,००० रुपयांवर नेण्यात आले. छंदाच्या गाडीला वर्षाला दोन हजार आणि पोटाच्या गाडीला त्याच्या सहापट ते बारापट! विंटेज गाडीला रोजच्या वापराची मुभा नाही, म्हणून तिचे शुल्क कमी, असे उत्तर यावर मिळेल. ते मान्य केले तरी त्याचा अर्थ इतकाच होतो की, ज्याला गाडीवाचून अडत नाही त्याला सवलत आणि ज्याची चूल गाडीवर पेटते त्याला दंड.

या चुलीचे अर्थकारण समजून घेतले पाहिजे. आपल्या देशात ट्रक-वाहतुकीचा फार मोठा भाग एकदोन गाड्यांच्या धन्यांकडे आहे. नवा ट्रक मोठ्या कंपनीकडे लांब पल्ल्यावर धावतो; काही वर्षांनी तो विकला जातो आणि जिल्ह्यातल्या जिल्ह्यात खडी, विटा, भाजीपाला वाहू लागतो; अखेरीस उसाच्या हंगामापुरता कारखान्याच्या वाटेवर दिसतो. वय वाढते तसतसे वर्षाचे किलोमीटर कमी होत जातात. जी गाडी वर्षातून चारपाच महिनेच चालते, तिच्यासाठी नव्या ट्रकचे कर्ज काढणे म्हणजे उरलेले सात महिने रिकाम्या हाताने हप्ते फेडणे होय. म्हणून जुना ट्रक वापरणे हा त्या धन्याचा अडाणीपणा नसून त्याचा चोख व्यवहार असतो. शिवाय क्लीनरचा ड्रायव्हर आणि ड्रायव्हरचा मालक होण्याची जी एकमेव शिडी या धंद्यात आहे, तिची पहिली पायरी म्हणजे हाच जुना ट्रक. ती पायरी काढून घेतली की ड्रायव्हर जन्मभर ड्रायव्हरच राहतो.

आता मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे उदाहरण घ्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटची ११०० ही मोटार बनू लागली आणि १९७० च्या दशकात तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईतील टॅक्सीची वयोमर्यादा २०१३ मध्ये वीस वर्षांवर आली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षे पुरी होताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या दिवसांत वृत्तपत्रांतून हळहळीचा पूर आला. निदान एक तरी पद्मिनी सरकारने जतन करावी, अशी विनंती टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने केली होती. यातील विसंगती पाहा. १९७४ साली कुर्ल्यात बनलेली पद्मिनी २०२४ मध्ये ‘विंटेज’ होण्यास पात्र ठरली. पण टॅक्सी म्हणून तिचे आयुष्य विसाव्या वर्षीच संपते. विसाव्या आणि पन्नासाव्या वर्षांमधली तीस वर्षे गाडी कोणाच्या छपराखाली उभी राहणार? ज्याच्या दोन खोल्यांच्या चाळीत सायकल ठेवायला जागा नाही, त्याच्या? वारशाची ही व्याख्याच अशी आहे की, तीस वर्षे मिळकतीवाचून गाडी सांभाळू शकणाऱ्यालाच ती लागू पडावी. ज्याने त्या गाडीत दिवसाचे बारा तास घाम गाळला, त्याच्या वाट्याला भंगारवाल्याची पावती येते.

येथे आपल्यातील काही साथी म्हणतील की, मुळात हा छंदच श्रीमंतांचा. त्याची चर्चा समाजवाद्यांनी कशाला करावी? थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ साली ‘आरामखोर वर्गा’च्या उपभोगाचे जे विश्लेषण केले, त्यात या छंदाचा बराचसा भाग बसतो, हे खरे. १९७१ साली तनखे बंद झालेल्या संस्थानिकांच्या गाड्या ज्यांच्या हाती गेल्या, ते काही गिरणीकामगार नव्हते. पण तेवढ्यावर थांबणे हे उथळपणाचे होईल. म्हैसूरच्या कारखान्यातून १९९६ पर्यंत निघालेली येझदी किंवा आकुर्डीची चेतक जपणारे अनेक जण शिक्षक, कारकून आणि फिटर आहेत. सुट्टीच्या दिवशी ते स्वतः कार्ब्युरेटर उघडतात, जेट साफ करतात, पाने फिरवितात, हात काळे करतात. ‘बिघडले की फेकून द्या’ असे शिकविणाऱ्या बाजारपेठेत ‘बिघडले तर दुरुस्त करा’ असे वागून दाखविणारा हा माणूस आपला विरोधक नव्हे. वस्तूवर श्रम करून तिचे आयुष्य वाढविणे ही श्रमप्रतिष्ठेचीच शिकवण आहे. आक्षेप छंदाला नसून छंदाला मिळणारा मान कष्टाला नाकारण्याला आहे.

शिवाय त्या गाड्या चालत्या ठेवतो कोण? फेरीच्या दिवशी टाळ्या चालकाच्या आसनावर बसलेल्याला मिळतात. पण ज्याचा सुटा भाग चाळीस वर्षांपूर्वी बाजारातून गेला, तो लेथवर नव्याने घडविणारा टर्नर, चेपलेला पत्रा हातोडीने पूर्ववत करणारा डेंटर, इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणारा मिस्त्री यांची नावे कोणत्याही फलकावर नसतात. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर आणि चोर बाजारात सुट्या भागांचे जे ज्ञान आहे, एस.टी.च्या दापोडीच्या कार्यशाळेत बस बांधण्याचे जे कसब पिढ्यांनी कमावले, त्याला कोणतेही विद्यापीठ पदवी देत नाही. हे कसब रोजच्या जुन्या गाड्यांवरच शिकले जाते. त्या गाड्या वयाच्या कारणाने संपविल्या की उद्याचा मिस्त्री कशावर शिकणार? मग विंटेज मोटारीच्या धन्यालाही आपली गाडी नुसती पुसत बसावी लागेल.

याचा अर्थ टंचाईचा गौरव करावा असा नाही. क्यूबात अमेरिकी निर्बंधांमुळे १९५० च्या दशकातील अमेरिकी गाड्या सोव्हिएत इंजिने बसवून दशकानुदशके टॅक्सी म्हणून धावल्या. त्या मिस्त्रींच्या कौशल्याला वंदन करावे. परंतु नाइलाजाला आदर्श म्हणू नये. धुराच्या बाबतीतही समाजवाद्यांनी लपवाछपवी करू नये. जुन्या डिझेल इंजिनाचा काळा धूर प्रथम रस्त्याकडेच्या झोपडीतील मुलाच्या छातीत जातो. एप्रिल २०२० पासून लागू झालेले बीएस-६ मानक आणि त्यापूर्वीची इंजिने यांच्या धुरात मोठे अंतर आहे. ट्रकवाल्याच्या पोटाचे नाव घेऊन त्या मुलाचा श्वास गहाण टाकता येणार नाही. पण म्हणूनच मोजायचा तो धूर मोजा, जन्मतारीख कशाला मोजता? निगा राखलेली, वर्षात थोडी चालणारी जुनी गाडी आणि हयगयीने रात्रंदिवस पिटाळलेली तिच्याहून नवी गाडी यांत हवा अधिक कोण बिघडविते, हे यंत्र सांगेल. नोंदणीपुस्तक सांगणार नाही. दिल्लीत डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षे हा नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरला होता. त्याच न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये तो बदलून बीएस-४ व त्यापुढील वाहनांना केवळ वयापोटी होणाऱ्या कारवाईतून वगळले. वयाऐवजी मानक पाहावे, हे तत्त्व तेथे अखेर मान्य झाले.

मग वयाचाच आग्रह कशासाठी? उत्तर भंगार धोरणाच्या सवलतींत आहे. गाडी भंगारात दिली की नव्या गाडीच्या किमतीच्या चार ते सहा टक्क्यांइतके भंगारमूल्य. नवी गाडी घेतल्यास उत्पादकाने पाच टक्के सूट द्यावी अशी शिफारस. नोंदणी शुल्क माफ. रस्ता करात खासगी वाहनाला २५ आणि व्यावसायिक वाहनाला १५ टक्क्यांपर्यंत सवलत. भंगारमूल्य सोडले तर प्रत्येक सवलतीची अट नवी खरेदी ही आहे. ज्याची नवी गाडी घेण्याची ऐपत नाही, त्याच्या हाती काय उरते? हे धोरण हवेच्या नावाने मांडले गेले असले तरी त्याचा हिशेब मोटार उत्पादकांच्या मागणीशी जुळतो. यंत्राची झीज दोन प्रकारची असते, असे मार्क्सने सांगितले: एक वापराची, आणि दुसरी, अधिक चांगले वा स्वस्त यंत्र बाजारात आल्याने होणारी. आपल्या सरकारने त्यात तिसऱ्या प्रकारची भर घातली आहे. यंत्र धडधाकट आहे, बाजारात त्याला काम आहे, तरीही शुल्क वाढवून त्याची किंमत शून्यावर आणायची. याला कायद्याने केलेला घसारा म्हणावे, आणि तो नेमका गरिबाच्या भांडवलावर बसतो.

तेव्हा आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. वाहनाचे भवितव्य वयावर न ठरता धुराच्या व सुरक्षिततेच्या प्रामाणिक तपासणीवर ठरावे. स्वतः चालविणाऱ्या एकदोन गाड्यांच्या धन्याकडून तपासणीच्या खर्चाहून अधिक शुल्क घेऊ नये. जी गाडी खरोखरच दूषित ठरेल, तिच्या धन्याला इंजिन बदलण्यासाठी किंवा कमी जुनी गाडी घेण्यासाठी अल्प व्याजाचे कर्ज मिळावे. सवलत केवळ नव्या गाडीच्या खरेदीला बांधलेली नसावी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली. त्या अधिकाराला कायद्याचे बळ देऊन सुटे भाग आणि दुरुस्तीच्या पुस्तिका पुरविणे उत्पादकांवर बंधनकारक करावे. आणि वारसा जपायचाच असेल तर संस्थानिकांच्या मोटारींशेजारी पद्मिनी टॅक्सी, एस.टी.ची लाल गाडी आणि उसाचा ट्रक यांनाही सार्वजनिक संग्रहालयात जागा मिळावी, व त्यांच्यापुढील फलकावर त्या चालविणाऱ्यांची आणि दुरुस्त करणाऱ्यांची नावे असावीत.

आपल्या जिल्ह्यातील ट्रकचालक, टॅक्सीवाले आणि गॅरेज कामगार यांच्या बैठकांत हा प्रश्न कार्यकर्त्यांनी नेला पाहिजे. जुन्या वाहनांचे छंदिष्टही त्या बैठकांना यावेत. दुरुस्तीचे मोल त्यांना आपल्याइतकेच ठाऊक आहे. ज्या देशात श्रीमंताची न धावणारी गाडी राष्ट्राचा ठेवा ठरते आणि गरिबाची धावणारी गाडी राष्ट्रावरचा भार ठरते, त्या देशात भंगारात काढण्याजोगे जर काही असेल, तर ते हे धोरण होय.