बारा वर्षांची उत्तरदायी

१७ मार्च १९२२, शुक्रवारची रात्र. न्यूयॉर्कमधील रब्बी मॉर्डेकाय कॅप्लन यांच्या घरी दोन आज्या चिंतेत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांची नात जुडिथ सिनेगॉगमध्ये सर्व समाजासमोर धर्मग्रंथातील उतारा वाचणार होती. मुलग्यांचा हा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. मुलीचा कोणी पाहिला नव्हता. 'तुमच्या मुलाला समजावा,' असे एकीने सुचविले. 'मुलगा आईचे कधी ऐकतो का? तुम्हीच आपल्या लेकीकरवी सांगा,' असे विहीणबाईंचे उत्तर. कोणत्या घरात हा संवाद होत नाही! चार कन्यांचे पिता असलेले कॅप्लन मात्र बधले नाहीत.

शनिवार उजाडला. हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. तो पाळणाऱ्या कोकणातील बेने इस्रायलींना त्यावरूनच 'शनिवार तेली' म्हणत. जुडिथने आशीर्वचन म्हटले आणि हिब्रू व इंग्रजीत उतारा वाचला. पण छापील पुस्तकातून आणि पवित्र गुंडाळीपासून आदरपूर्वक अंतर राखून. अमेरिकेतील पहिली 'बात मित्स्वा' म्हणून या घटनेची गणना होते.

'बात मित्स्वा' म्हणजे 'आज्ञेची कन्या'. ज्यू धर्मनियमानुसार मुलगी बारा वर्षांची आणि मुलगा तेरा वर्षांचा होताच धर्माज्ञा पाळण्याचे दायित्व त्यांचे स्वतःचे होते. समारंभ झाला नाही तरी ते टळत नाही. मुलाच्या कृत्यांच्या जबाबदारीतून आपण मुक्त झालो, असे पित्याने म्हणण्याचीही प्रथा आहे. बँकेत अज्ञान खातेदार सज्ञान झाला की पालकाची सही चालत नाही. तसाच हा हिशेब.

आज सुधारणावादी सिनेगॉगांत मुली प्रत्यक्ष गुंडाळीतून वाचतात. हे काम सोपे नाही. चर्मपत्रावरील हस्तलिखितात स्वरचिन्हे नसतात, पठणाची सुरावटही दिलेली नसते; सारे मुखोद्गत करावे लागते, आणि त्यासाठी अनेक महिन्यांचा अभ्यास लागतो. अक्षरांना बोट लावायचे नाही, म्हणून टोकाशी इवलासा हात कोरलेली काडी ओळींवरून फिरवितात. नंतर वाचलेल्या उताऱ्याचा अर्थ मुलगी स्वतःच्या शब्दांत सभेला सांगते. सनातनी पंथीयांत मात्र मुलीने गुंडाळीतून वाचण्यास सहसा मान्यता नाही. तेथे प्रवचन आणि भोजन यांवर समाधान मानले जाते.

आहेराची रीत व्यापारी मंडळींना रुचावी अशी आहे. हिब्रू अक्षरांना अंकमूल्य असते आणि 'जीवन' या अर्थाच्या शब्दाची बेरीज १८ येते. म्हणून आहेर १८, ३६ किंवा ५४ अशा पटींत देतात. क्वचित मेजवानीच्या थाटात पठणच झाकोळते. हा दोष केवळ ज्यू समाजाचा म्हणता येणार नाही.

जुडिथ पुढे ज्यू संगीताच्या व्यासंगी अभ्यासक झाल्या. १९९२ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांची बात मित्स्वा पुन्हा साजरी करण्यात आली. या वेळी त्यांना अडवू पाहणारे घरात कोणी नव्हते.