तळ्याकाठचे दांपत्य आणि एका पिशवीचे गणित

भिलाईच्या सेक्टर २ मधील तळ्यावर एक दांपत्य सकाळी कचरा वेचताना दिसते. काठीला बांधलेली जाळी, एक पोते आणि दोघांचे चार हात. एवढीच त्यांची सामग्री. छठपूजा वा विसर्जन झाले की पिशव्यांत बांधलेले निर्माल्य पाण्यावर तरंगू लागते. येणारेजाणारे छायाचित्र काढतात आणि पुटपुटतात, "दोघांनी वेचून असा काय फरक पडणार?"

भौतिकशास्त्राचा अभ्यासक म्हणून मला याचे उत्तर आकड्यांत द्यावेसे वाटते. ३० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर लांब अशी एक पिशवी घ्या. आज ती एकदा वाकून उचलता येते. उन्हातील अतिनील किरणांनी ती ठिसूळ होऊन तिचे ५ मिलिमीटरचे चौकोनी तुकडे झाले, तर दोन्ही बाजू मिळून ९,६०० तुकडे होतात. १ मिलिमीटरचे झाले, तर २,४०,०००. हे तुकडे गाळात मिसळले, की ते वेगळे काढण्याचा व्यवहार्य उपाय उरत नाही. अशा कणांना 'मायक्रोप्लास्टिक' ही संज्ञा २००४ मध्ये रूढ झाली; २०२२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांना प्लास्टिकचे सूक्ष्म कण मानवी रक्तातही आढळले.

फुलांचे गणितही वेळेचेच आहे. ३० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. कुजणारे निर्माल्य तोच वापरते आणि मासे गुदमरतात. त्याच संध्याकाळी फुले बाहेर काढली, तर हे टळते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवण्याची रीत विकसित केली. त्यातून अमोनियम सल्फेट हे खत मिळते. पण ही रीत मूर्ती बादलीत असेपर्यंतच उपयोगी पडते. तळ्यात विरलेल्या मूर्तीला ती लागू करता येत नाही.

म्हणून माझे मत असे, की या दांपत्याचे काम प्रतीकात्मक नसून योग्य वेळी केलेले आहे. तथापि त्यांच्या कौतुकाआड आपण आपली जबाबदारी लपवू नये. एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. देशाला लोहमार्गाचे रूळ पुरवणाऱ्या या नगरीत प्रत्येक घाटावर निर्माल्यकलश असणे आणि सणाच्या दिवशीच सफाईसाठी वेतनावरील माणसे असणे मुळीच अशक्य नाही. ही मागणी नागरिकांनीच आपल्या लोकप्रतिनिधींकडे लावून धरायला हवी.

तोवर एक साधी गोष्ट करता येईल: फुले कलशात टाकावीत, पिशवी घरी परत न्यावी. आणि त्या दोघांचे छायाचित्र काढून झाल्यावर मोबाईल खिशात ठेवून पोत्याचे एक टोक धरावे.