मोकाट कुत्री आणि नगरपालिकांचे कर्तव्य

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली व परिसरातील सर्व मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला आणि अवघ्या अकरा दिवसांत तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो बदलला. नसबंदी करून व लस टोचून कुत्रे जेथून उचलले तेथेच सोडावे, पिसाळलेले वा हिंस्र कुत्रे मात्र सोडू नये, असे २२ ऑगस्टला ठरले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील कुत्री पुन्हा तेथे न सोडण्याचा आणखी एक आदेश निघाला. या तीन महिन्यांत श्वानप्रेमी आणि श्वानद्वेष्टे असे दोन तट पडून वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. पहाटे झाडू घेऊन निघणाऱ्या सफाई कामगार स्त्रिया, रात्रपाळी संपवून पायी घर गाठणारे कामगार, वस्तीच्या बोळांतून शाळेला जाणारी पोरे यांना हा प्रश्न रोज भेटतो. त्यांचा आवाज मात्र या वादात क्वचितच ऐकू आला. आमच्या कित्येक कार्यकर्त्यांनाही हा बंगलेवाल्यांच्या फावल्या वेळेचा विषय वाटतो. आम्हांला तसे वाटत नाही.

कुत्री मारण्याचा उपाय नवा नाही. मुंबईत कंपनी सरकारने १८३२ साली दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावून मोहीम चालविली. पारशी समाजात त्यावरून जूनमध्ये दंगा उसळला आणि इतर धर्मांच्या लोकांनीही हरताळात भाग घेतला. दोन वर्षांनी मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. पण कत्तल थांबली नाही. स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ वर्षे मुंबईत विजेचा धक्का देऊन कुत्री मारली जात होती. मद्रासमध्ये १९९६ च्या सुमारास हा आकडा दिवसाला १३५ पर्यंत गेला होता, असे तेथील ब्ल्यू क्रॉस या संस्थेने नमूद केले आहे. आणि इतके करून कुत्री कमी झाली का? रेबीज हटला का? मादी वर्षातून दोनदा विऊ शकते आणि एका वेताला चार-सहा पिल्ले होतात; जोवर उकिरडे भरलेले आहेत तोवर मारलेल्या कुत्र्याची जागा दुसरे कुत्रे घेते, आणि ते बहुधा लस न टोचलेले असते. सरकारी तिजोरीतून शतकाहून अधिक काळ पैसा गेला तो या न संपणाऱ्या कत्तलीवर.

ही कत्तल थांबविली ती नागरिकांनी. मद्रासमध्ये १९६४ साली स्थापन झालेली ब्ल्यू क्रॉस, मुंबईत १९८५ पासून काम करणारी वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज, अशा संस्थांतील माणसांनी मारण्याऐवजी नसबंदी व लस हा मार्ग वर्षानुवर्षे अधिकाऱ्यांच्या गळी उतरविण्याचा प्रयत्न केला. १९९४ मध्ये मुंबईने आणि १९९६ मध्ये मद्रासने धोरण बदलले. २००१ साली केंद्र सरकारने त्यासाठी नियम केले. जयपूरचा अनुभव येथे विशेष बोलका आहे. तेथे ‘हेल्प इन सफरिंग’ या संस्थेने १९९४ च्या अखेरीपासून २००२ पर्यंत आपल्या क्षेत्रातील सुमारे ६५ टक्के माद्यांची नसबंदी व लसीकरण केले. कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली आणि त्या क्षेत्रातील माणसांचे रेबीजचे रुग्ण शून्यावर आले. शहराच्या उरलेल्या भागात तसे झाले नाही.

डाव्या विचारांच्या माणसाच्या मनात येथे एक शंका येते, व ती टाळण्याजोगी नाही. १९२७ मध्ये महाडच्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, अस्पृश्य माणसांना होता. प्राण्यांवर दया आणि माणसाविषयी निर्दयता हे ज्या समाजाचे लक्षण आहे, त्या समाजातील भूतदयेकडे संशयाने पाहण्याचा अधिकार दलितांना आहेच. परंतु पिसाळलेले कुत्रे चावते ते कोणाला? जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत गरिबांचा व मुलांचा भरणा मोठा असतो. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग बहुतेक नेमाने जीव घेतो. कुत्र्याला वेळेवर टोचलेली लस ही म्हणून प्रथम माणसाच्या रक्षणाची गोष्ट आहे.

गांधीजींनी १९२६ साली, अहमदाबादच्या अंबालाल साराभाईंनी गिरणीच्या आवारातील साठेक कुत्री मारविली तेव्हा, जैन-वैष्णवांचा रोष पत्करून त्यांची बाजू घेतली होती. त्या काळी सामूहिक नसबंदीचा मार्ग उपलब्ध नव्हता. त्यामुळे त्यांचा निष्कर्ष आज जसाच्या तसा घेण्याचे कारण नाही. पण बिनधन्याचे कुत्रे रस्त्यावर असणे हा समाजाच्या व्यवस्थेचा दोष आहे, आणि येता-जाता भाकरीचा तुकडा फेकल्याने दयेचे कर्तव्य पार पडत नाही, हे त्यांचे म्हणणे आजच्या बिस्किटवाल्या श्वानप्रेमींनी अवश्य वाचावे.

आमचा मुख्य आक्षेप शासनावर आहे. मारणे थांबले, त्याच्या जागी जे काम उभे राहावयास हवे होते ते धर्मादाय संस्था आणि कंत्राटदार यांच्या माथी मारण्यात आले. नियम जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकतात. प्रत्यक्षात कित्येक नगरपालिकांकडे ना शस्त्रक्रियागृह, ना पुरेसे पशुवैद्य. दर शस्त्रक्रियेमागे ठरावीक रक्कम देऊन काम उरकून घ्यावयाचे, कुत्रे पकडणाऱ्या कामगाराला ना कायम नोकरी, ना स्वतःसाठी प्रतिबंधक लस. अशा तुटक कामाने एका गल्लीत दहा कुत्र्यांची नसबंदी होते आणि शेजारच्या गल्लीत पंधरा पिल्ले जन्मतात. गोव्यात राज्य सरकारने मिशन रेबीज या संस्थेच्या सहकार्याने गावोगाव, घरोघर फिरून लसीकरण केले. ७० टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस हे लक्ष्य ठेवले. शाळांतून मुलांना शिकविले. २०२१ मध्ये गोव्याने रेबीज नियंत्रणात आल्याचे जाहीर केले. सरकार आणि नागरिक एकत्र आले की काय होते, याचा हा शेजारचाच पुरावा आहे.

आणखी एका बाबीकडे सोयीस्कर दुर्लक्ष होते. रस्त्यावरची सारीच कुत्री रस्त्यावर जन्मलेली नसतात. हौसेने हजारो रुपये मोजून विलायती जातीचे पिल्लू आणावयाचे, ते आजारी पडले वा घर बदलले की सोडून द्यावयाचे, हा श्रीमंती कचरा सार्वजनिक खर्चात जमा होतो. २०१७ च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्यांना नोंदणी सक्तीची आहे. आपल्या शहरात अशी नोंदणी किती जणांनी केली, हे कार्यकर्त्यांनी एकदा विचारून पाहावे.

अंदाजपत्रकाच्या सभेच्या वेळी आणखी काही प्रश्न विचारावे लागतील. नसबंदी व लसीकरणासाठी किती रक्कम ठेवली आणि किती खर्च झाली? कोणत्या वॉर्डात किती माद्या उरल्या? कुत्री पकडणाऱ्या कामगारांना सेवेत केव्हा घेणार? वस्तीतील उकिरडा रोज उचलला जातो की आठवड्याने? आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कुत्रे चावलेल्या माणसाला लस आणि खोल जखमेसाठी लागणारे प्रतिपिंडांचे इंजेक्शन त्याच दिवशी मिळते, की त्याला चिठ्ठी देऊन जिल्ह्याच्या गावी धाडतात?