पट्टा आणि प्रतिमा

नाशिकहून ओझरकडे जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग एरवी कामाच्या माणसांचा रस्ता आहे. द्राक्षांच्या पेट्या घेऊन निघालेले टेम्पो, कांद्याचे ट्रॅक्टर, एस.टी., पाळीला निघालेल्या कामगारांच्या मोटारसायकली आणि दहाव्या मैलापाशी होणारा खोळंबा हे त्याचे नित्याचे रूप. एखादा मंत्री किंवा पक्षाध्यक्ष ओझरच्या विमानतळावर उतरणार असला, की या रस्त्याला वेगळे रूप येते. फलक लागतात, हार येतात, उघड्या जीपगाड्या येतात आणि झेंडे लावलेल्या दुचाकींची रांग उभी राहते.

या प्रसंगातील एका लहानशा गोष्टीकडे आम्हांला वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. पाहुणा विमानात असतो तेव्हा त्याच्या कमरेला पट्टा असतो. विमान उतरू लागले, की सेविका येते, पट्टा बांधल्याची खात्री करून घेते आणि पाहुणा निमूटपणे ते मानतो. त्याचे पद कोणते, त्याच्यामागे आमदार किती, हे तेथे कोणी विचारीत नाही. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत तोच पाहुणा मोटारीच्या छतातून अर्धा बाहेर आलेला किंवा जीपवर उभा राहून हात हलवीत असलेला दिसतो. देह तोच, दिवसही तोच. मग विमानात ज्या पट्ट्याने मान कमी झाला नाही, तो रस्त्यावर आल्याबरोबर कमीपणाचा का व्हावा?

हा प्रश्न ओझरला विचारावा यात औचित्य आहे. येथील धावपट्टीलगत हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. १९६४ मध्ये मिग-२१ विमानांसाठी तो उभा राहिला आणि पंचक्रोशीत त्याला आजही नुसते 'मिग' म्हणतात. सुखोई-३० एमकेआय ही विमाने येथेच बांधली गेली. त्याच जातीच्या विमानातून ८ जून २००६ रोजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी आणि २५ नोव्हेंबर २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी पुण्याच्या लोहगाव तळावरून उड्डाण केले. उड्डाणाच्या वेळी दोघांचेही वय ७४ वर्षांचे होते. वैमानिकाचा पोशाख आणि हेल्मेट घातलेली ती छायाचित्रे देशाने कौतुकाने पाहिली. पुढे २५ नोव्हेंबर २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी बंगळूरूहून तेजसमधून उड्डाण केले. त्याही वेळी अंगाला पट्टे आणि डोक्यावर हेल्मेट होतेच. या तिन्ही प्रसंगी हेल्मेटमुळे कोणाची प्रतिष्ठा उणावली असे कोणी म्हटले नाही. उलट त्या छायाचित्रांचा रुबाब बराचसा हेल्मेटमुळेच होता.

यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा १२ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान राष्ट्रीय युवा महोत्सवासाठी नाशिकला आले. उघड्या वाहनात उभे राहून, राज्याचे मुख्यमंत्री आणि दोन्ही उपमुख्यमंत्री यांच्यासह, त्यांनी मिर्ची चौकापासून रोड शो केला. दोन महिन्यांनी, १४ मार्च २०२४ रोजी, राहुल गांधी यांची भारत जोडो न्याय यात्रा याच जिल्ह्यातून गेली. त्या यात्रेतही अनेक ठिकाणी ते उघड्या जीपवर बसून लोकांना अभिवादन करताना देशाने पाहिले. दोन्ही नावे आम्ही मुद्दाम एकत्र घेत आहोत. हा एका पक्षाचा दोष असता तर त्यावर निबंध लिहिण्याचे कारण नव्हते. ग्रामपंचायतीच्या विजयी मिरवणुकीपासून दिल्लीपर्यंत ही आपली सर्वमान्य रीत झाली आहे.

त्यातही मिर्ची चौक हे नाव नाशिककरांच्या मनात वेगळ्या कारणाने रुतलेले आहे. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी पहाटे यवतमाळहून मुंबईला निघालेली एक खासगी बस याच चौकात ट्रकवर आदळून पेटली आणि झोपेत असलेले डझनभर प्रवासी मृत्यू पावले. त्यानंतर पंधरा महिन्यांनी तेथे फुले उधळली गेली. यात कोणाचा दुष्टावा होता असे आम्ही सुचवीत नाही. रस्ता हे आपल्या राजकारणाचे रंगपीठ झाले आहे आणि ते मरणाचे ठिकाणही आहे, याचा आपल्याला किती सहज विसर पडतो, एवढेच त्यातून दिसते.

असे का होते? साहित्याच्या अभ्यासकांना एर्न्स्ट कांटोरोविच यांचा १९५७ चा 'द किंग्ज टू बॉडीज' हा ग्रंथ परिचित असेल. मध्ययुगीन विधिवेत्ते राजाला दोन देह मानीत. एक नैसर्गिक, म्हणजे आजारी पडणारा, म्हातारा होणारा, मरणारा. दुसरा राज्याचा, ज्याला जरा नाही आणि मरणही नाही. आपण प्रजासत्ताक झालो, तरी मिरवणुकीत आपल्याला हा दुसरा देहच पाहावयाचा असतो. मोटारीच्या छतावरचा नेता हा त्या वेळी कोणाचा पिता, मधुमेहाचा रुग्ण किंवा पाठदुखीने त्रस्त गृहस्थ नसतो. तो समूहाच्या इच्छेचे दृश्य रूप असतो. आणि पट्टा काय सांगतो? हा देह वस्तुमान असलेला आहे, गाडी अचानक थांबली तर तो पुढे फेकला जाईल, त्याची हाडे मोडतील, हे सांगतो. पट्टा बांधणे म्हणजे आपल्या मर्त्यत्वाची कबुली देणे. सभेला निघालेल्या नेत्याला नेमकी तीच द्यावयाची नसते आणि जमलेल्यांनाही ती पाहावयाची नसते. युद्धविमानातील हेल्मेट शौर्याचे चिन्ह म्हणून वाचले जाते, स्कूटरवरचे हेल्मेट भित्रेपणाचे. वस्तू एकच, पण संदर्भाने तिचा अर्थ उलटा झाला आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो पोकळ नाही. रोड शोची गाडी माणसाच्या चालीने चालते, रस्ता मोकळा केलेला असतो, सुरक्षा रक्षक सोबत असतात. मग धोका तो कसला? शिवाय लोकशाहीत नेत्याने काळ्या काचांच्या आड लपावे काय? लोकांना तो दिसला पाहिजे, हा लोकांचा हक्कच आहे. आम्हांला हे मान्य आहे. अशा प्रसंगी नेत्याला स्वतःला फारसा धोका नसतो, हेही मान्य आहे. पण धोका त्याच्यासाठी नसतोच. तो त्याच्या मागून येणाऱ्यांसाठी असतो. ताफ्याच्या मागे एका दुचाकीवर तिघे बसून, हातात झेंड्याची काठी धरून, उघड्या डोक्याने निघालेली मुले असतात. त्यांच्यासाठी रस्ता मोकळा केलेला नसतो. सभा संपल्यावर रात्री नऊ वाजता ती याच महामार्गाने गावी परततात, तेव्हा समोरून ट्रक येत असतात. नेत्याकडून त्यांनी घेतलेला धडा तेव्हाही त्यांच्यासोबत असतो. नेत्याचे सुरक्षा कडे मात्र नसते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते आणि १६,७१५ जणांनी पट्टा लावलेला नव्हता. हेल्मेट असते तर हे सगळे वाचले असते असे नाही. पण पन्नास हजार हा आकडा मोठ्या तालुक्याच्या गावाच्या लोकसंख्येएवढा आहे, आणि तो एका वर्षाचा आहे.

कायद्याची भाषा या बाबतीत संदिग्ध नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२३ नुसार गाडीच्या पायरीवर, टपावर किंवा बॉनेटवर बसून प्रवास करण्यास मनाई आहे. 'मिरवणूक असल्यास चालेल' असा अपवाद त्यात नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पट्टा न लावल्यास १,००० रुपये दंड ठरविला. हेल्मेट नसल्यास तेवढाच दंड आणि तीन महिने परवाना रद्द. सामान्य माणसापर्यंत हा कायदा व्यवस्थित पोहोचतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून नाशिक शहरात पोलीस आयुक्तांनी 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' मोहीम सुरू केली, तेव्हा पंपावर पेट्रोल भरणारा मुलगा कायद्याचा प्रतिनिधी झाला. गिऱ्हाइकाला तोंडावर नकार देण्याचे काम तुटपुंज्या पगारावरील त्या मुलाकडे आले. रॅलीच्या रांगेतील हेल्मेटशिवायच्या दुचाकीस्वारांना नकार देण्याचे काम कोणाकडे आहे?

महाराष्ट्राला या विषयाचा धडा दुरून घ्यावा लागलेला नाही. ३ जून २०१४ रोजी सकाळी गोपीनाथ मुंडे दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते. केंद्रात मंत्री होऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता आणि बीडमध्ये त्यांच्या सत्काराची तयारी झाली होती. ते मागच्या आसनावर बसले होते. एका लहान मोटारीची धडक बसली आणि काही वेळातच एक लोकनेता गेला. पट्टा लावला असता तर ते वाचू शकले असते, मागचा पट्टा केवळ शोभेचा असतो या गैरसमजाने आपण मित्र गमावला, अशा आशयाचे उद्गार तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी जाहीरपणे काढले. पण परळीला लोटलेल्या जनसमुदायाला हे पटणे शक्य नव्हते. घातपाताच्या शंका घेतल्या गेल्या, सीबीआय चौकशीची मागणी झाली, आणि तपासाअंती तो अपघातच ठरला. मोठ्या माणसाचे मरणही मोठ्याच कारणाने आले पाहिजे, अशी आपल्या कल्पनेची घडण आहे. शोकांतिकेने आपल्याला तेच शिकविले आहे. बोटाएवढ्या जाडीच्याही नसलेल्या पट्ट्यावर लोकनेत्याचे आयुष्य अवलंबून असावे, हे आपल्या मनाला अपमानास्पद वाटते. पण ते तसेच असते.

अमेरिकेतील न्यू जर्सीचे गव्हर्नर जॉन कॉर्झाइन यांनी हा अपमान पत्करून दाखविला. एप्रिल २००७ मध्ये त्यांची गाडी, सरकारी पोलीस चालवीत असतानाच, ताशी ९१ मैलांच्या वेगात अपघातात सापडली. पट्टा लावलेला नसल्याने ते जबर जखमी झाले. बरे होऊ लागल्यावर त्यांनी ४६ डॉलरचा दंड भरला आणि एका जाहिरातीत उभे राहून, आपण खरे तर आज मेलेले असायला हवे होतो, असे लोकांना सांगितले. ब्रिटनचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी जानेवारी २०२३ मध्ये धावत्या मोटारीत पट्ट्याविना चित्रफीत काढून घेतली, तेव्हा लँकशायरच्या पोलिसांनी पदावर असलेल्या पंतप्रधानांना १०० पौंड दंड केला. यातून ब्रिटनच्या राज्यसत्तेला काही तडा गेला नाही.

आपल्याकडे असे घडतच नाही, असेही म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्लीतील तिरंगा दुचाकी फेरीत खासदार मनोज तिवारी हेल्मेटविना दिसले, तेव्हा त्यांना दंड झाला आणि त्यांनी क्षमाही मागितली. मात्र हे अपवाद आहेत. नितीन गडकरी यांनी स्वतः भीषण अपघात सोसला आहे, रस्त्यांवरील मृत्यूंविषयी ते कळकळीने बोलतात आणि २०१९ ची दुरुस्तीही त्यांच्याच कारकीर्दीत झाली. तरीही ऑक्टोबर २०१४ मध्ये, रस्ते वाहतूक मंत्री असताना, ते नागपुरात हेल्मेटविना स्कूटरवर दिसले आणि टीका झाली. प्रश्न ज्ञानाचा असता तर तो तेथेच सुटला असता. प्रश्न सवयीचा आणि प्रतिमेचा आहे.

म्हणून उपायही प्रतिमेवरच हवा. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरील लाल दिवे गेले. आज त्या दिव्यावाचून कोणाचे अडलेले नाही. चिन्ह काढता येते हे त्यातून सिद्ध झाले. २०१९ च्या दुरुस्तीतील कलम २१० ब नुसार कायदा राबविणाऱ्या यंत्रणेतीलच कोणी तो मोडला, तर त्याला दुप्पट दंड होतो. राबविणाऱ्याला दुप्पट, तर करणाऱ्याला किमान तेवढा का नको? आमदार-खासदारांना हे कलम लागू करावे, ही मागणी अवाजवी नाही. दुचाकी फेरीला परवानगी देताना हेल्मेटची अट घालावी आणि ती मोडल्यास दंड परवानगी मागणाऱ्याकडून घ्यावा. आणि लोकांना दर्शनच द्यावयाचे असेल, तर व्यासपीठ आहे, पायी चालणे आहे. आपल्या राजकारणात पदयात्रेची परंपरा रोड शोपेक्षा जुनी आहे आणि तिचा मानही मोठा आहे.

शेवटी थोडे आपल्याविषयी. डिसेंबर २०२१ मध्ये ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच महामार्गावर, आडगावला झाले. आपल्यापैकी पुष्कळ जण तेथे मोटारीने गेले असतील. मागच्या आसनावर बसून, कवितेवर वाद घालीत, आपल्यापैकी किती जणांनी पट्टा लावला होता? आम्ही लावला नव्हता, हे कबूल करतो. मागे बसणारा म्हणजे मान्यवर आणि मान्यवराला पट्टा नसतो, ही समजूत नेत्यांनी आपल्याला शिकविली की आपण त्यांना, हे ठरविणे कठीण आहे. विद्यार्थ्यांना आपण प्रतिमा वाचावयास शिकवतो. पुढच्या तासाला एखाद्या रोड शोचे छायाचित्र वर्गात न्यावे. गाडीवर कोण उभे आहे हे सगळ्यांना दिसेलच. गाडीच्या मागे कोण आहे आणि त्यांच्या डोक्यावर काय आहे, तेही मुलांना पाहावयास सांगावे. त्या चित्रातील काही चेहरे कदाचित त्याच वर्गात बसलेले असतील.