सेवेच्या दुकानातली मुलाखत

परवा मी नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो. कारखान्यात नाही, बँकेत नाही, एका सेवाभावी संस्थेत. जाहिरातीत लिहिलेलं : वंचितांसाठी काम करण्याची तळमळ हवी. म्हटलं, तळमळ तर आपल्या बापजाद्यांपासूनची आहे. एम.एस.डब्ल्यू.चा कागद खिशात घातला नि निघालो.

भिंतीवर फोटो टांगलेले. डोक्यावर हंडा घेतलेली बाई, शेंबडी पोरं. सगळी आपलीच माणसं. फोटोखाली खुर्च्यांवर चौघं बसलेले. त्यात आपलं एकही नाही.

"पूर्ण नाव?" सांगितलं. "गाव?" सांगितलं. "गावात नेमके कुठे राहता?" नाव-गावावर भागेना, म्हणून आळी विचारली. मी म्हणालो, "ज्या वस्तीत तुमचा प्रकल्प चालतो, तसल्याच वस्तीत." "वडील?" "झाडू मारतात." चौघं एकमेकांकडे बघून हसले. प्रेमळ हसले साले! "मग तुम्हाला वस्तीतलं काम छान जमेल."

अर्ज केला होता प्रकल्प अधिकाऱ्याचा. हातात देत होते वस्तीतली वणवण. का? तर देणगीदारांना अहवाल इंग्रजीत लागतो. पगार विचारला तर म्हणे, "इथे पैशासाठी कुणी येत नाही. मानधन असतं." मानही त्यांचा, धनही त्यांचं. आपल्याला फक्त शब्द.

ही रीत जुनी आहे. १९३२ साली गांधीजींच्या पुढाकाराने हरिजन सेवक संघ निघाला. कारभार सवर्णांच्या हाती, कारण प्रायश्चित्त त्यांनी घ्यायचं होतं. बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात त्याची चिरफाड केली. आता प्रायश्चित्त गेलं, प्रकल्प आला. खुर्च्या त्याच.

कुणी म्हणेल, संस्था खाजगी, तुम्ही विचारणारे कोण? घटनेचं १६(४) कलम सरकारी नोकरीपुरतं, हे खरं. पण पैसा? संस्थेला देणगी देणाऱ्याला आयकरात सवलत मिळते. २०१३ च्या कंपनी कायद्याचं १३५ वं कलम मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावतं. म्हणजे कायद्याच्या जोरावर, आपल्या दारिद्र्याच्या नावानं हा पैसा उभा राहतो. मग हिशेब आपण मागणार नाही तर कोण?

मागणं साधं आहे. जाहिरातीत पगाराचा आकडा छापा. आळी नि बापाचा धंदा विचारणं बंद करा. विश्वस्त कोण, अधिकारी कोण, वस्तीत राबणारे कोण, याची यादी दारावर लावा. मुलाखत घेणाऱ्यांत वस्तीतली माणसं बसवा.

नि आपल्यातले जे आत शिरलेत त्यांनाही सांगणं आहे. गड्यांनो, तोंड शिवून बसू नका. पोटासाठी नोकरी करा, लाज नाही. पण भिंतीवरच्या त्या बाईला खुर्ची मिळेपर्यंत विचारत राहा.

मी ती नोकरी घेतली नाही. घरात चूल अडलीय. तरी घेतली नाही.